बाजारनिहाय मोटार आवृत्ती

एकाच नावाची आणि एकाच सांगाड्यावरची मोटार वेगवेगळ्या देशांत विकताना कारखाना तिथला कायदा, कर, इंधन, हवामान, रस्ते आणि गिऱ्हाइकाची ऐपत पाहून तिच्यात बदल करतो. अशा बदलांसह बांधलेल्या गाडीला त्या मॉडेलची बाजारनिहाय आवृत्ती म्हणतात. शो-रूममधला ‘व्हेरियंट’ हा प्रकार वेगळा. तिथे सनरूफ, अलॉय व्हील, टचस्क्रीन अशा सोयींवरून एकाच बाजारातल्या गाड्यांची किंमत पायरी-पायरीने चढते. बाजारनिहाय आवृत्तीतले फरक बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत. ते इंजिनाच्या क्षमतेत, ईसीयूमधल्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या) प्रोग्रॅममध्ये, सीलच्या रबरात, दिव्याच्या झोतात आणि कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) धातूत असतात.

बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागाचा या विषयाशी दोन्ही टोकांनी संबंध येतो. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या औद्योगिक वसाहतींत आणि पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागांत वाहनांसाठी ओतकाम व मशीनिंग चालते. दुसरीकडे निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणीच्या गॅरेजांत केए-२२, केए-२३, केए-४९ बरोबरच एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्याही रोज उभ्या असतात. या दोन्ही ठिकाणी नुसते गाडीचे नाव पुरत नाही. आवृत्ती कळल्याशिवाय योग्य कास्टिंग ओतता येत नाही आणि योग्य स्पेअरही बसवता येत नाही.

कायदा आणि कर

गाडी विकण्याआधी तिला मान्यता लागते. युरोपात आणि भारतात अधिकृत संस्था नमुना गाडी तपासून प्रकार-मान्यता देते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार हे काम पुण्याची एआरएआय, मानेसरचे आयकॅट अशा संस्थांकडे आहे. अमेरिकेत आपली गाडी मानकांत बसते असे कारखानदार स्वतःच प्रमाणित करतो आणि सरकारी यंत्रणा नंतर विक्रीतल्या गाड्या घेऊन तपासते. युरोपातले देश, जपान आणि इतर अनेक देश संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारानुसार एकमेकांच्या मान्यता स्वीकारतात. भारत त्या करारात नाही. १९९८ च्या जागतिक तांत्रिक नियमांच्या करारात मात्र तो २००६ पासून आहे. म्हणून भारतीय मानके पुष्कळ बाबतीत युरोपीय मानकांशी जुळती असली, तरी इथल्या मान्यतेच्या कागदावर गाडी तिकडे विकता येत नाही.

गाडीचा आकार मात्र कायद्यापेक्षा करच जास्त ठरवतो. २००६ च्या अर्थसंकल्पात ४,००० मिमीच्या आतल्या लांबीच्या आणि पेट्रोल १,२०० किंवा डिझेल १,५०० घनसेंमीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तिथून भारतीय बाजारात ‘चार मीटरच्या आतली’ गाडी जन्मली. २००८ ची स्विफ्ट डिझायर ४,१६० मिमी लांब होती. २०१२ मध्ये तिची डिकी कापून लांबी ३,९९५ मिमीवर आणली गेली. जीएसटीतही हीच मर्यादा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि तिच्या बाहेरच्यांवर ४० टक्के कर आहे.

या कराचे काम मारुती सुझुकी फ्राँक्समध्ये फार स्पष्ट दिसते. ही गाडी गुजरातमध्ये बनते आणि २०२४ पासून जपानलाही जाते. लांबी ३,९९५ मिमीच राहते. भारतात तिला १.२ लिटरचे साधे किंवा १.० लिटरचे टर्बो इंजिन मिळते, कारण १.५ लिटर पेट्रोल इंजिन बसवले की लांबी मर्यादेत असूनही गाडी वरच्या करात जाते. जपानला जाणाऱ्या फ्राँक्समध्ये तेच १.५ लिटरचे इंजिन आहे, शिवाय चारही चाकांना ओढ देणारा पर्याय आहे. जपानचा स्वतःचा करही असाच आकार ठरवतो. तिथल्या ‘केई’ वर्गासाठी लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० घनसेंमी ही कमाल मर्यादा आहे. तिथल्या चिमुकल्या गाड्या अरुंद, उंच आणि चौकोनी दिसतात त्या यामुळेच.

कधी नावही बदलते. राजस्थानातल्या तापुकारा इथे बनणारी होंडा एलेव्हेट जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही म्हणून विकली जाते. सुझुकीची बलेनो टोयोटाचा बिल्ला लावून इथे ग्लान्झा आणि आफ्रिकेत स्टारलेट होते.

एका देशातल्या दोन आवृत्त्या

आवृत्ती बदलायला देशाची सीमा ओलांडावी लागतेच असे नाही. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज ४) हे धुराच्या प्रदूषणाचे मानक सुरुवातीला फक्त तेरा शहरी भागांत लागू झाले. त्यांत पुणे, सोलापूर आणि बेंगळुरू होते. बेळगाव आणि कोल्हापूर नव्हते. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ मध्ये आले. मधल्या काळात एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या वेगळ्या निघत होत्या. एकीत बीएस-३ चे इंजिन ट्यूनिंग असे, तर दुसरीत बीएस-४ चा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), त्याला जुळणारे ऑक्सिजन सेन्सर आणि वेगळा ईसीयू.

सीमाभागात जुन्या गाड्या पुण्याहूनही येतात आणि आसपासच्या तालुक्यांतूनही, म्हणून हा फरक इथे अजून भोवतो. बीएस-४ गाडीत बीएस-३ चा ईसीयू बसवला तर कनेक्टर जुळला तरी सेन्सरची वायरिंग आणि इंधनाचा हिशेब जुळत नाही. गाडी सुरू होते, पण मिश्रण जाड राहते, प्लग काळे पडतात आणि कन्व्हर्टर तापून आतली जाळी वितळते. आरसीवर उत्सर्जन मानक छापलेले असेल तर ते आधी पाहावे, नसेल तर चॅसिस नंबरवरून खात्री करावी. १ एप्रिल २०२० पासून संपूर्ण देश थेट बीएस-६ वर गेल्याने नव्या गाड्यांत ही अडचण उरलेली नाही.

इंधन

इंधन बदलले की इंजिनाची अंतर्गत रचना बदलते. बीएस-६ च्या पेट्रोल-डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत दहा) असते, बीएस-४ मध्ये ते ५० होते. गंधक कन्व्हर्टरचा थर निकामी करते, म्हणून जिथे इंधनात गंधक जास्त आहे अशा देशांत कारखाने डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) नसलेली, जुन्या मानकाची इंजिने पाठवतात. तीच गाडी युरोपात डीपीएफ आणि धूर स्वच्छ करणाऱ्या युरिया-द्रावणाच्या टाकीसह विकली जाते. या द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो. साधे पाणी घालून ‘जमवले’ तर सेन्सर ते ओळखतो, आणि पाण्यातले क्षार नळीच्या तोंडाशी थर धरून साचू शकतात.

डीपीएफमधली काजळी जाळायला धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि ते पंधरा-वीस मिनिटे टिकावे लागते. टिळकवाडी ते शहापूर, शहापूर ते खडे बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीत ते होत नाही. गाडी काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारते, काम अर्धवट राहते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. ते पातळ झालेले असते आणि लगेच बदलावे लागते. आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर संकेश्वरच्या दिशेने स्थिर वेगात अर्धा तास गाडी नेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

इथेनॉलचा विषय बेळगाव जिल्ह्याला जवळचा आहे, कारण ऊस इथलाच आणि डिस्टिलरी जोडलेले साखर कारखानेही इथलेच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० आता देशभर मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतले रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग ई-२० सोसणारे आहेत. त्याआधीच्या गाड्यांत इंधन पंपाचे सील, रबरी नळ्या आणि जुन्या कार्बुरेटरमधले भाग फुगू शकतात किंवा कडक होऊन चिरू शकतात. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन-तृतीयांश ऊर्जा असते. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला ९ च भाग पुरतात. म्हणून इंजेक्टरने तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता.

इथेनॉल पाणी ओढते. खानापूर, जांबोटीच्या पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने अर्ध्या टाकीनिशी उभी राहिली, तर टाकीतल्या ओलीने इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी वेगळा बसू शकतो. पंप तळातूनच ओढतो, मग गाडी सुरू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नये. टाकी रिकामी करावी आणि फिल्टर बदलावा. ब्राझीलमध्ये २००३ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फ्लेक्स’ गाड्या शुद्ध इथेनॉलवरही चालतात, पण सुरुवातीच्या अशा गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागली होती. इंधन बदलले म्हणून नुसत्या प्रोग्रॅमवर भागत नाही, हे त्यावरून समजते.

उजवे आणि डावे स्टिअरिंग

भारत, जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, नेपाळ, श्रीलंका इथे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. युरोपचा बहुतेक भाग, अमेरिका, मेक्सिको आणि आखाती देशांत उलट. चाकणचा फोक्सवॅगन कारखाना मेक्सिकोसाठी डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या बांधत आला आहे. रांजणगावची जीप कंपास उजव्या स्टिअरिंगच्या देशांना जाते.

बाजू बदलली की स्टिअरिंग रॅक, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड, एसीची पेटी, वायरिंग हार्नेस, वायपरची जोडणी, ब्रेक बूस्टरची जागा आणि इंजिन-केबिनमधल्या पत्र्याची भोके बदलतात. स्वस्तात उरकायचे तर काही कारखाने बूस्टर डावीकडेच ठेवतात आणि पेडलपासून तिथवर आडवी दांडी नेतात. दांडी आणि तिचे बुश झिजले की ब्रेक पेडल ढिले व ‘स्पंजी’ लागते, आणि मिस्त्री हवा काढत बसतो. आधी त्या दांडीचा खेळ तपासावा. वायपर डाव्या स्टिअरिंगचेच ठेवले तर चालकाच्या समोरच्या खांबालगत काचेची पट्टी न पुसता राहते. चोर्ला घाटातल्या पावसात हा कोपरा जीवघेणा ठरू शकतो. युरोपीय घडणीच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे, तर मारुती, ह्युंदाई, टाटाच्या गाड्यांत उजवीकडे असते; चालवायला बसताना हे लक्षात ठेवायला हवे.

सर्वांत धोकादायक चूक हेडलाइटची. लो बीमचा झोत सपाट नसतो. रस्त्याच्या कडेच्या बाजूला तो सुमारे १५ अंशांनी वर उचलतो, म्हणजे कडेचा माणूस दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. भारतात ही उचल डावीकडे हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही दिवे डाव्या स्टिअरिंगच्या बाजारासाठी बनवलेले असतात. त्यांची उचल उजवीकडे, थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचेत पडते. तपासणी सोपी आहे. संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर, टायरमध्ये नेमकी हवा भरून गाडी उभी करावी आणि लो बीम लावावा. उजेडाची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंमी खाली असावी, आणि डावीकडे तिने वर वळावे. ती उजवीकडे वळत असेल तर स्क्रूने भागत नाही, दिवाच बदलावा लागतो.

हवामान आणि रस्ते

आखाती देशांसाठी मोठा रेडिएटर, जास्त ताकदीचा एसी आणि धुळीला पुरणारा एअर फिल्टर देतात. कॅनडासाठी मोठी बॅटरी आणि इंजिन ब्लॉक गरम ठेवणारा हीटर. भारतीय आवृत्तीत स्प्रिंग उंच, खालची संरक्षक पत्रे जाड आणि मागच्या सीटला एसीचे झरोके असतात. एकट्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला खानापूरचा मुसळधार पाऊस व तांबडी माती, आणि पूर्वेला अथणी-रायबागचा रखरखीत उन्हाळा व काळ्या मातीची बारीक धूळ आहे. कारखान्याने छापलेला एअर फिल्टर बदलण्याचा टप्पा पूर्वेकडे उसाच्या फडांतून फिरणाऱ्या गाडीला पुरत नाही.

एसीच्या गॅसमध्येही आवृत्ती पाळावी लागते. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत कमी तापमानवाढीचा वायू, बहुधा आर-१२३४वायएफ, लागतो, तर भारतात आर-१३४ए सर्रास आहे. दोघांचे सर्व्हिस पोर्ट मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. अडॅप्टर लावून एकात दुसरा भरू नये. बॉनेटखालच्या स्टिकरवर वायूचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन दिलेले असते, तेवढेच भरावे.

सुरक्षा

बाजारनिहाय बदलांपैकी बहुतेक समजण्यासारखे आहेत. सुरक्षेची साधने गाळणे हा बदल तसा नाही. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या ताशी ६४ किमी वेगाच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यांत फोक्सवॅगनची पोलो होती. तीच पोलो दोन एअरबॅगसह तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले, म्हणजे सांगाडा धड होता आणि बाजार पाहून गाळली होती ती फक्त एअरबॅग. कंपनीने नंतर भारतात दोन एअरबॅग सर्व पोलोंत दिल्या. स्वस्त बाजारातल्या माणसाची छाती स्टिअरिंगवर कमी जोरात आपटत नाही. किमतीसाठी सनरूफ गाळावे, धातूची पट्टी गाळावी. एअरबॅग, सीटबेल्टचा प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा भाग) आणि वेल्डिंगचे ठिपके गाळू नयेत.

कायद्याने पुढे ही दरी कमी केली. समोरून धडकेचे एआयएस-०९८ मानक ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना लागू झाले. त्यात ताशी ५६ किमी वेगाने गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग चालकाच्या बाजूने अडथळ्यावर आदळतो. बाजू चालकाची असल्याने डाव्या स्टिअरिंगच्या आवृत्तीची चाचणी उजव्याला तशीच लागू होत नाही. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आली, नंतर शेजारच्या प्रवाशाचीही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ताशी ६४ किमीची चाचणी घेऊन तारे देते, पण ती ऐच्छिक आहे.

कारखान्यातली बांधणी

सर्व आवृत्त्या बहुधा एकाच लाइनवर एकामागे एक येतात. बॉडी शॉपमध्येच प्रत्येक सांगाड्याला ओळख मिळते, आणि गाडीबरोबर फिरणाऱ्या कागदावर किंवा टॅगवर तिचे कोड असतात: स्टिअरिंगची बाजू, इंजिन, मानक, दिवे, देश. डॅशबोर्ड, हार्नेस आणि सीट पुरवठादाराकडून त्याच क्रमाने येतात. एक गाडी रंगकामात दोष निघून मागे पडली की क्रम बिघडतो, म्हणून बसवण्याआधी बारकोड स्कॅन करतात आणि चुकीचा भाग असेल तर नटरनर (नट आवळणारे यंत्र) चालूच होत नाही. चुका जास्त होतात त्या दिसायला सारख्या भागांत: ब्रॅकेट, सेन्सर, रबरी नळी.

ओतकामातले फरक

सीमाभागातल्या फाउंड्रीवाल्यांचा आवृत्त्यांशी थेट संबंध इथे येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ) आणि टर्बोचे हाउसिंग (बाहेरचे कवच) ही याची नमुनेदार उदाहरणे आहेत. डिझेल आवृत्तीत धुराचे तापमान साधारण ८०० अंशांच्या आसपास राहते. तिथे सिलिकॉन ४ ते ५ टक्के आणि मॉलिब्डेनम अर्धा ते एक टक्का असलेले सायमो जातीचे एसजी आयर्न (ग्राफाइटच्या गोल गाठी असलेले ओतीव लोखंड) पुरते. टर्बो पेट्रोलमध्ये तापमान ९५० च्या पुढे जाते. तिथे ३४ ते ३७ टक्के निकेलचे डी-५एस जातीचे ओतीव लोखंड लागते, आणि त्याहून वर उष्णतारोधक पोलाद. बाहेरून कास्टिंग जवळजवळ सारखेच दिसते, पण पेट्रोल इंजिनावर सायमोचे हाउसिंग गेले तर ते तडकते आणि धूर गळतो.

वेगळे काढण्यासाठी धातूतले निकेल स्पेक्ट्रोमीटरने (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राने) मोजावे.  फेटलिंगनंतर (कास्टिंग घासून साफ केल्यावर) ही तपासणी केली की मिसळलेली लॉट परत येण्याचा खर्च वाचतो.

धातू एकच असला तरी कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) बदलू शकतो. दोन मानकांच्या मॅनिफोल्डमध्ये बाहेरचा पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) तोच राहतो. सेन्सरचा बॉस (तो बसवायचा उंचवटा) किंवा आतल्या वाटेचा व्यास फक्त बदलतो. जुना कोअर बॉक्स रॅकवर राहिला आणि रात्रपाळीत तोच लागला तर मोल्ड नीट बंद होतो, कास्टिंग चांगले दिसते, आणि दोष मशीनिंगमध्ये किंवा थेट गिऱ्हाइकाच्या इंजिनावर कळतो. म्हणून ड्रॉइंगची आवृत्ती बदलली की पॅटर्न प्लेटवरचा नंबर-इन्सर्ट त्याच दिवशी बदलावा, जुन्या कोअर बॉक्सला लाल रंग देऊन कुलपात ठेवावे, आणि पहिल्या पाळीचा एक नग कापून आतली वाट मोजावी. मॅग्नेशियम घातलेला धातू साधारण दहा मिनिटांत ओतला नाही तर गाठी नीट बनत नाहीत. घाईत आवृत्ती बदलताना हीच वेळ हातातून जाते. कास्टिंगवर उठावात येणारे ‘एलएच’, ‘आरएच’ हे गाडीच्या डाव्या-उजव्या चाकासाठी असते. डाव्या स्टिअरिंगशी त्याचा संबंध नाही. नकल (चाक धरणारा ओतीव भाग) बहुधा दोन्ही बाजारांत तेच जाते.

आवृत्ती ओळखणे

चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. भारतात बनलेल्या बहुतेक गाड्यांचा नंबर एमए ते एमई या जोड्यांनी सुरू होतो: मारुतीचा एमए३, ह्युंदाईचा एमएएल, टाटाचा एमएटी. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात, त्यामुळे नोंदीत कुठे ‘ओ’ दिसला तर तो शून्य आहे. उत्पादनाचा महिना आणि वर्षही त्यात असते, पण कोणत्या जागी ते कंपनीनिहाय बदलते. अमेरिकेसारखा दहावा अंक म्हणजे वर्ष असे इथे धरू नये.

स्पेअर मागवताना चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि जुन्या भागावर छापलेला पूर्ण पार्ट नंबर द्यावा. शेवटची दोन अक्षरेही सोडू नयेत, कारण बहुतेकदा आवृत्तीचा फरक तिथेच असतो. काच, दिवे आणि टायर यांवरचे शिक्केही पाहावेत: वर्तुळातला ‘ई’ आणि आकडा ही संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखालची मान्यता, ‘डीओटी’ ही अमेरिकेची, आणि भारतीय टायरवर आयएसआय. परदेशातून आणलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर काढायची असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० प्रमाणे तिला चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विद्युत इशारा-साधन असणे बंधनकारक आहे. कोल्हापूर किंवा गोव्याहून आणलेली वापरलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची तर फॉर्म २८ वरचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म २७ चा अर्ज घेऊन नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे पत्र मागण्याआधीच आरसीवरचे उत्सर्जन मानक, इंधन आणि चॅसिस नंबर गाडीवरच्या प्लेटशी जुळवून पाहावेत.